हार्लेमचा गल्ला

२३ ऑक्टोबर १९३५ च्या रात्री न्यूअर्कमधील एका खाणावळीत डच शुल्ट्झ व त्याच्या तीन साथीदारांवर गोळ्या झाडल्या गेल्या. चौघेही मेले. अमेरिकन टोळीयुद्धाचा इतिहास हे खून रंगवून सांगतो. पण शुल्ट्झ ज्या पैशावर माजला, तो कोणाच्या घामाचा होता?

दारूबंदीत (१९२०–१९३३) तो चोरट्या बिअरवर गब्बर झाला. मंदी आली तशी त्याची नजर न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील आकड्यांच्या जुगाराकडे वळली. पाच-दहा सेंट लावणारे काळे कष्टकरी. हजारात एक आकडा लागणार, मिळणार सुमारे सहाशेपट. ही लूटच होती. तरी गल्ला काळ्यांच्या हाती होता आणि त्यातले काही वस्तीत परतत होते. कॅस्पर होल्स्टाइन या जुगारचालकाच्या पैशातून ‘ऑपॉर्च्युनिटी’ मासिकाने काळ्या लेखकांना पारितोषिके दिली.

शुल्ट्झने बंदुकीच्या आणि टॅमनी हॉलचा पुढारी जिमी हाइन्स याच्या जोरावर हा धंदा बळकावला. स्टेफनी सेंट क्लेअर ही काळी स्त्री मात्र त्याच्याशी उघड झुंजली.

शुल्ट्झ मेला तो हार्लेमला नागवले म्हणून नव्हे. सरकारी वकील थॉमस ड्युई याच्या खुनाचा हट्ट त्याने धरला. धंदा बुडेल या भीतीने इतर टोळीप्रमुखांनी त्यालाच संपविले, असे टोळीवाल्यांच्या जबान्यांतून पुढे आले. तो गेला, गोऱ्या टोळ्यांचा वाटा राहिला. हाइन्सला १९३९ मध्ये शिक्षा झाली. हार्लेमला त्याचा गल्ला कोणी परत केला नाही.