बॅटरी गेली की चार्जिंग? एका निदानाचा इतिहास

नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी हा धानाचा मुलूख. बांध्या पाण्याने भरल्या की चिखलणीसाठी ट्रॅक्टर बाहेर काढतात आणि नेमका तेव्हाच तो सुरू होत नाही. किल्ली फिरवावी तर नुसता 'कट्' असा आवाज. "बॅटरी गेली," असे जो तो म्हणतो. हजारो रुपयांची नवी बॅटरी येते आणि कधीकधी आठवड्याभरात तीही उतरते, कारण दोष बॅटरीत नव्हताच, ती भरणाऱ्या यंत्रणेत होता. हा फरक ओळखण्याची रीत गेल्या शतकात अनेकदा बदलली. जुनी रीत मात्र अंगवळणी पडून राहिली.

शिशाची बॅटरी गास्ताँ प्लान्ते यांनी १८५९ साली फ्रान्समध्ये बनवली. ती उतरते म्हणजे आत काय होते, याचा उलगडा ग्लॅडस्टोन आणि ट्राइब या रसायनशास्त्रज्ञांनी १८८२ साली केला. वीज देताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते, गंधकाम्ल खर्च होते आणि पाणी तयार होते. म्हणजे आम्ल जितके पातळ तितकी बॅटरी रिकामी. दूध तपासायच्या लॅक्टोमीटरचा भाऊ शोभावा असा हायड्रोमीटर इथे कामी आला. भरलेल्या बॅटरीत आम्लाची सापेक्ष घनता सुमारे १.२५ भरते, उतरलेल्या बॅटरीत ती १.१५ च्याही खाली जाते. सहापैकी पाच घरे ठीक आणि एकच फार खाली असेल, तर बॅटरी गेली. सहाही घरे सारखीच खाली असतील, तर ती केवळ उपाशी आहे. शोध चार्जिंगचा घ्यावा. आमच्या मते इतकी स्पष्ट बोलणारी दुसरी चाचणी नाही. दुर्दैवाने बंद झाकणाच्या बॅटऱ्यांनी ती हिरावून घेतली.

१९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा सेल्फ स्टार्टर आला आणि हँडल मारण्याचे कष्ट संपू लागले. बॅटरीचे काम वाढले, तेव्हा तिला सतत भरणारा डायनामोही आवश्यक झाला. इंजिन मंद असताना डायनामो पुरेशी वीज देत नाही. हेच रेल्वेच्या जुन्या डब्यांत दिसे. तिथे डायनामो डब्याच्या आसावर पट्ट्याने फिरे, म्हणून गाडी थांबली की भार बॅटरीवर येई आणि दिवे मंदावत. नागभीडसारख्या जंक्शनवर चार्जिंगचा हा धडा फुकटात मिळे.

डायनामोच्या काळात मेकॅनिकांनी एक झटपट परीक्षा रूढ केली : चालू इंजिनवर बॅटरीची तार काढायची, इंजिन बंद पडले तर डायनामो खराब. पेट्रोलच्या गाडीत हे साधारण चालून जाई. डिझेल ट्रॅक्टरला मात्र चालू राहण्यासाठी ठिणगी लागतच नाही. त्यामुळे तार काढून इंजिन चालू राहिले, यातून काहीच सिद्ध होत नसे!

पुढे सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले आणि १९६० साली क्रायस्लरच्या व्हॅलियंट मोटारीत डायनामोची जागा अल्टरनेटरने घेतली. भारतात तो ऐंशीच्या दशकात नव्या गाड्यांबरोबर सर्रास दिसू लागला. यात चुंबक फिरतो, वेटोळे स्थिर राहते आणि प्रत्यावर्ती विजेला डायोड एकदिश करतात. बॅटरी इथे विजेच्या उसळ्या पिणाऱ्या तळ्यासारखी असते. चालू इंजिनवर तार काढली की ते तळे नाहीसे होते, पण चुंबकातील प्रवाह क्षणात ओसरत नाही. व्होल्टेज उसळून डायोड, रेग्युलेटर आणि इतर इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. शिवाय बॅटरीतून निघालेल्या हायड्रोजनला ती ठिणगी पुरते. कालची परीक्षा अशी आज घातक ठरली आहे.

तिची जागा शाळेच्या प्रयोगशाळेतील मल्टिमीटरने घ्यावी. रात्रभर उभ्या असलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर १२.६ दिसले तर ती भरलेली. १२ च्या खाली, जवळपास रिकामी. किल्ली फिरवताना आकडा १० च्या बराच खाली गेला, तर भरलेली बॅटरीही दुबळी. इंजिन थोडे जोरात चालवून १३.८ ते १४.४ मिळाले की चार्जिंग ठीक. १२.६ च्या पुढे सरकलेच नाही, तर आधी सैल पट्टा आणि गंजलेली अर्थची तार पाहावी. १५ च्या वर गेले, तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरीतले पाणी उकळून जाणार. फळ्यावरचा लाल दिवाही पाहावा. अनेक अल्टरनेटरांत चुंबकाला पहिला प्रवाह त्या दिव्यातूनच मिळतो, म्हणून किल्ली लावूनही तो पेटत नसेल तर चार्जिंग सुरूच होणार नाही.

पाश्चात्त्य पुस्तके थंडीला दोष देतात. ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. इथे बॅटरीला उन्हाळा मारतो. पाणी उडते, पट्ट्यांची जाळी झिजते आणि उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी आपोआप लवकर उतरते. अशी महिनोन्महिने रिकामी राहिली तर सल्फेटचे स्फटिक घट्ट होतात व पुन्हा विरघळत नाहीत. महिन्यातून एकदा ती भरून घेतली, तर चिखलणीच्या दिवशीचा खोळंबा बहुधा टळतो.

आता आणखी एक बदल आला आहे. काही नव्या मोटारींत इंधन वाचवण्यासाठी संगणकच चार्जिंग मधूनमधून कमी करतो. तिथे इंजिन चालू असूनही १२.८ दिसले, म्हणजे अल्टरनेटर बिघडलाच असे नाही. अशा गाडीत हेडलाइट लावून, थोडा वेळ थांबून पुन्हा मोजावे.