रानहत्ती आणि राज्यसत्ता

राज्यसत्ता आणि न्यायसत्ता यांच्यात खटका उडाला, की न्यायालयाचा हुकूम सरकारने मानला की मोडला, एवढेच आपण बहुधा पाहतो. आमच्या मते प्रश्न एवढ्यावर संपत नाही. हुकूम मोडला तर बोभाटा होतो. हुकूम देणारा न्यायाधीशच हलविला तर तितका होत नाही. या दृष्टीने मुंबईचे एक जुने प्रकरण पुन्हा वाचण्याजोगे आहे.

पेशवाई बुडाल्यास दहा वर्षे झाली होती. मुंबईत १८२४ मध्ये राजाच्या सनदेने सुप्रीम कोर्ट सुरू झाले होते. १८६२ मध्ये त्याच्या जागी आजचे उच्च न्यायालय आले. १८२८ मध्ये पुण्यातील मोरो रघुनाथ नामक चौदा वर्षांचा मुलगा पांडुरंग रामचंद्र या मातबर आप्ताच्या ताब्यात होता. त्याला हजर करावे, असा हेबिअस कॉर्पसचा हुकूम कोर्टाने काढला. गव्हर्नर सर जॉन माल्कम आडवे आले. मुंबई बेटाबाहेरील एतद्देशीय रयतेवर असे हुकूम बजावू दिले जाणार नाहीत, असे त्यांच्या सरकारने त्या ऑक्टोबरात न्यायाधीशांना लिहून कळविले.

माल्कम यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. दक्षिणेतील सरदारांचा मानमरातब राखण्याचे कंपनी सरकारचे धोरण होते. इंग्रजी कोर्टाचा प्यादा पुण्याच्या वाड्यात शिरला, तर ती घडी विस्कटेल अशी त्यांना धास्ती होती. उलट न्यायाधीश सर जॉन पीटर ग्रँट यांचे म्हणणे असे, की इंग्लंडच्या किंग्ज बेंचचे अधिकार सनदेने आम्हांस दिले आहेत, आणि त्यांची हद्द ठरविणे हे कोर्टाचे काम, गव्हर्नराचे नव्हे. वेस्ट आणि चेंबर्स हे दोघे सहकारी त्याच वर्षी निवर्तले. ग्रँट एकटे उरले. सरकार नमत नाही, हे पाहून एप्रिल १८२९ मध्ये त्यांनी कोर्टच बंद केले. राजाकडे दाद मागितली होतीच. परंतु प्रिव्ही कौन्सिलने त्याच वर्षी सरकारच्या बाजूने कौल दिला.

इथवर हा कायद्याचा वाद होता आणि कायद्याने तो मिटला, असे म्हणता येईल. परंतु लंडनमधील बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष लॉर्ड एलनबरो यांनी माल्कम यांना एक खासगी पत्र लिहिले होते. ग्रँटच्या दोहों बाजूंना दोन नवे न्यायाधीश बसतील, आणि दोन माणसाळलेल्या हत्तींमध्ये सापडलेल्या रानहत्तीसारखी त्याची गत होईल, असा त्याचा मथितार्थ. पुढे ते पत्र फुटले आणि सत्तेच्या मनातले जगजाहीर झाले.

स्वराज्यातही हा हत्तीखाना मोडला नाही. १९७५ च्या आणीबाणीत स्थानबद्धांचे अर्ज ऐकण्याचा आपला अधिकार नऊ उच्च न्यायालयांनी सोडला नाही. जबलपूरचे मध्य प्रदेश उच्च न्यायालय त्यांतलेच, ज्याची खंडपीठे इंदूर आणि ग्वाल्हेर येथे आहेत. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो अधिकार नाकारला. त्याच वर्षी उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या त्यांच्या संमतीवाचून झाल्या. त्यांतले गुजरातचे न्यायमूर्ती शेठ यांना आंध्र प्रदेशात धाडले होते. त्यांनी दाद मागितली. न्यायाधीशाची संमती आवश्यक नाही, मात्र सरन्यायाधीशांशी सल्लामसलत खरीखुरी व्हावयास हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ठरविले. तोवर सत्तापालट झाला होता; नव्या सरकारने शेठ यांना गुजरातेत परत पाठविण्याचे मान्य केले.

१९७६ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्टपणे रद्दबातल ठरविला. निकाल चुकला तर असा दुरुस्त होतो, मग एकेचाळीस वर्षांनी का होईना. बदलीच्या धाकाने जो निकाल लिहिलाच गेला नाही, तो मात्र कोणत्याही अपिलात दुरुस्त होत नाही. १९९३ पासून नेमणुका आणि बदल्यांत सरन्यायाधीश व त्यांच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मताला प्राधान्य आहे, हे खरे. तथापि एखाद्या बदलीची तपशीलवार कारणे लोकांसमोर आजही क्वचितच येतात. म्हणून पणजीस असो वा इंदुरास, न्यायमूर्तींची बदली झाल्याचे वृत्त वाचताना आपण एक प्रश्न अवश्य विचारावा: ही बदली न्यायदानाच्या सोयीसाठी झाली, की कुणाच्या गैरसोयीमुळे?