निलंगेकर

महाराष्ट्रातील एक स्थलवाचक आडनाव. लातूर जिल्ह्यातील निलंगा या तालुक्याच्या गावावरून ते रूढ झाले. ग्रामनामास ‘कर’ हा निवासदर्शक प्रत्यय लागून ते सिद्ध होते. ‘निलंग्यात’, ‘निलंग्याहून’ या रूपांतील ‘या’कार येथे येत नाही, अंत्य आकाराचा एकार होतो. औसा–औसेकर, गोवा–गोवेकर ही याच धर्तीची उदाहरणे होत. व्यंजनान्त ग्रामनामांत असा बदल संभवत नाही (उदा., लातूरकर, नांदेडकर, देगलूरकर).

स्थलवाचक आडनाव बहुधा गाव सोडल्यानंतर लाभते. गावात सर्वच त्या गावचे असल्याने ग्रामनाम व्यक्तीची ओळख पटविण्यास निरुपयोगी ठरते; तेथे पाटील, कुलकर्णी, देशमुख यांसारखी वतनवाचक किंवा व्यवसायवाचक नावेच चालतात. व्यापार, विद्या वा चाकरी यांनिमित्त कुटुंब अन्यत्र गेले, की नवे शेजारी त्यास मूळ गावावरून ओळखू लागतात. शाळा, न्यायालये व महसूल कचेऱ्या यांच्या नोंदींमुळे अशी संबोधने पुढे वंशपरंपरागत झाली. ‘पाटील निलंगेकर’ हे जोडनाव मात्र वेगळ्या गरजेतून आलेले दिसते. पाटील हे आडनाव सर्वत्र आढळत असल्याने ग्रामनाम जोडून व्यक्तीचे वेगळेपण दर्शविले जाते. जून १९८५ ते मार्च १९८६ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले शिवाजीराव पाटील निलंगेकर (१९३१–२०२०) यांच्यामुळे हे नाव राज्यभर परिचित झाले.

भारतीय जनगणनेत आडनावनिहाय तक्ते प्रसिद्ध होत नाहीत. त्यामुळे या आडनावाच्या प्रसाराचा विचार स्थलांतराच्या इतिहासावरूनच करावा लागतो. निलंगा तालुका हैदराबाद संस्थानात बीदर जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी नवनिर्मित लातूर जिल्ह्यात समाविष्ट झाला. संस्थानकाळात शिक्षण व नोकरीसाठी मराठवाड्यातील लोकांचा ओढा हैदराबाद शहराकडे असे. पुढे तो पुणे-मुंबईकडे वळला. या प्रदेशातील ग्रामनामजन्य आडनावे आज तिन्ही शहरांत आढळण्याचे हे कारण होय.

एकाच गावातून निरनिराळ्या काळी निघालेल्या, परस्परांशी नाते नसलेल्या कुटुंबांना एकच आडनाव मिळू शकते. म्हणून त्यावरून जात, गोत्र वा कुल यांचे अनुमान करणे योग्य नव्हे. कोकणातील बेने इझ्राएल समाजात पेणकर, रोहेकर, केहीमकर ही आडनावे आहेत, यावरून ‘कर’ प्रत्ययाची धर्मनिरपेक्षता स्पष्ट होते. इटलीतही रोमानो (रोमचा), जेनोव्हेझे (जेनोआचा), मेस्सीना अशी आडनावे याच तत्त्वाने घडली. १५६३ मध्ये समाप्त झालेल्या ट्रेंट धर्मपरिषदेनंतर चर्चमधील विवाह व बाप्तिस्मा यांच्या नोंदी नियमित झाल्या आणि तेथील आडनावांना अधिक स्थैर्य आले. त्या नोंदींवरून तेथील वेगवेगळी कुळे निवडता येतात.

महाराष्ट्रात हे कार्य तीर्थोपाध्यायांच्या वह्या, वतनपत्रे आणि जमिनीचे दप्तर यांच्या आधारे करावे लागते. अशी छाननी न करता सर्व निलंगेकरांना एका मूळपुरुषाशी जोडल्यास कुलवृत्तान्त सदोष होतो आणि स्वतंत्रपणे गाव सोडून गेलेल्या कुटुंबांचा इतिहास त्यात लोपतो.