टपालाच्या शिक्क्याखालचे देह

मनुष्याचे शरीर पाहण्याजोगे कधी आणि झाकण्याजोगे कधी, याचा निर्णय पुष्कळदा कचेरीतल्या टेबलावर होतो. एड फ्यूरीच्या छायाचित्रांचा काळ अभ्यासताना आम्हांस हेच जाणवले.

फ्यूरी १९२८ साली न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर जन्मला. पुढे तो कॅलिफोर्नियात आला आणि आपल्या कमावलेल्या शरीरामुळे छायाचित्रकारांचा आवडता झाला. त्यांपैकी बॉब मायझर याने १९५१ साली लॉस एंजेलिसहून 'फिजिक पिक्टोरियल' हे नियतकालिक काढले. लंगोटीएवढ्या वस्त्रात उभे असलेले तरुण त्यात झळकत. व्यायामाचे नाव हे पांघरूण होते. घेणाऱ्यांत पुरुषांवर अनुरक्त असलेले पुरुष पुष्कळ होते आणि त्यांचे प्रेम तेव्हा तेथे कायद्याने गुन्हा होते. असले अंक पुष्कळांच्या घरी टपालाने येत.

१९६० साली अमेरिकेच्या टपालखात्याने याच धर्तीच्या अन्य तीन मासिकांच्या ४०५ प्रती अश्लील म्हणून अडविल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २५ जून १९६२ रोजी ती बंदी उठली.

फ्यूरी तोवर इटलीत 'उर्सुस' (१९६१) या बोलपटाचा नायक झाला होता. २०२३ साली तो वारला. पडद्यावर त्याचे उघडे बाहू लोकांनी राजरोस पाहिले. तसलेच बाहू टपालाच्या पाकिटात मात्र गुन्हेगार ठरले. देह तोच, पाहणारा कोण, एवढाच काय तो फरक. हाती शिक्का असलेल्या आम्हां मंडळींनी एवढे ध्यानात ठेवावे.