तालाधिष्ठित व्हिडिओ खेळ व ड्रमवादन
पडद्यावर सरकत येणाऱ्या खुणांबरहुकूम आघात करण्याचे हे खेळ मनोरंजनार्थ निर्माण झाले. तथापि ड्रमवादनाच्या सरावासाठीही त्यांचा उपयोग होऊ लागला. जपानमधील कोनामी कंपनीच्या ‘ड्रममेनिया’त (१९९९) पाच आघातफलक व बास ड्रमसाठी एक पेडल होते. अमेरिकेतील हार्मोनिक्सच्या ‘रॉक बँड’मध्ये (२००७) चार फलक व एक पेडल होते, ‘रॉक बँड ३’मध्ये (२०१०) झांजांना स्वतंत्र खुणा मिळाल्या, तसेच इलेक्ट्रॉनिक ड्रमसंच जोडण्याची सोय झाली. या खेळांमुळे लयीची अचूकता वाढण्यास व हातापायांच्या स्वतंत्र हालचाली साधण्यास मदत होते. मात्र यंत्र मुख्यत्वे आघाताची वेळ व स्थान पाहते. काठीची पकड, तिची उसळी व नादाचा दर्जा ते जोखत नाही. परिणामी सदोष पकडही पूर्ण गुण मिळवीत अंगवळणी पडू शकते. म्हणून शिक्षकाचे मार्गदर्शन अनिवार्यच ठरते.