झटका दिलात तर मासा सुटेल! बास मासेमारीतला 'सर्कल हुक' काम कसा करतो?

२ जुलै २००९. जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांच्या गळाला एक लार्जमाउथ बास लागला. वजन भरलं १०.१२ किलो. त्याआधीचा विक्रम होता अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या जॉर्ज पेरी यांचा. त्यांनी २ जून १९३२ रोजी १०.०९ किलोचा बास पकडला होता. कुरितांचा मासा किंचित जड होता, पण जुना विक्रम मोडायला किमान २ औंस, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम जास्त वजन लागतं. तेवढा फरक नव्हता, म्हणून विक्रम दोघांच्या नावावर लागला.

कुरितांनी गळाला लावलेलं आमिष होतं जिवंत ब्लूगिल मासा. मोठा बास हवा असेल तर जिवंत आमिषाला तोड नाही, असं अनेक जण मानतात. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये त्यासाठी गोल्डन शायनर हा चंदेरी-सोनेरी मासा वापरतात. पण याच आमिषामुळे एक मोठी अडचण होते.

जिवंत आमिषात अडचण काय?

बास भक्ष्याचा लचका तोडत नाही. तो क्षणार्धात जबडा उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो. आत आलेली वस्तू प्लास्टिकची किंवा लाकडाची असेल तर तो ती लवकरच थुंकून टाकतो. जिवंत मासा मात्र खरोखरच त्याचं खाणं असतं. त्यामुळे तो ते गिळायला लागतो आणि सोबत गळही घशात, कधी पोटापर्यंत जातो. कल्ले आणि हृदय तिथून जवळच असतात. तिथे जखम झाली तर मासा पाण्यात परत सोडूनही मरू शकतो.

मासा खायचाच असेल तर याने काही बिघडत नाही. पेरींच्या घरच्यांनी तो विक्रमी मासा खाल्लाच होता! पण पुढे अमेरिकेत बास मासेमारी हा मोठा खेळ झाला. बास स्पर्धा लोकप्रिय करणाऱ्या रे स्कॉट यांनी १९७२ पासून 'पकडलेला मासा मारू नका' ही मोहीम चालवली. आज तिथे बहुतेक हौशी मंडळी बास पकडतात आणि सोडून देतात. मग सोडलेला मासा जगतो का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

सर्कल हुक वेगळा कसा?

नेहमीचा गळ इंग्रजी 'जे' अक्षरासारखा असतो. त्याचं टोक वर, दांड्याला समांतर असतं. सर्कल हुकचं टोक मात्र आत, दांड्याच्या दिशेने जवळजवळ काटकोनात वळलेलं असतं. म्हणून तो गोलसर दिसतो.

मासा आमिष गिळून वळतो तेव्हा दोरी ताणली जाते आणि गळ घशातून बाहेरच्या बाजूला सरकतो. टोक आत वळलेलं असल्याने ते वाटेत सहसा रुतत नाही. गळ जबड्याच्या कोपऱ्याशी आला की वळतो आणि तिथेच अडकतो. ही जागा तुलनेने सुरक्षित असते आणि गळ काढायलाही सोपी जाते.

ही कल्पना नवी नाही. प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे लोक हाडं आणि शिंपल्यांपासून असे आत वळलेले गळ फार पूर्वीपासून बनवत आले आहेत.

वापरायचा कसा?

• गळाला मासा ओठातून किंवा पाठीवरच्या परापाशी लावतात. गळाचं टोक आणि दांडा यांच्यातली फट मोकळी ठेवावी लागते. ती आमिषाने भरली तर गळ अडकत नाही.

• टोक एका बाजूला तिरकं नसलेला, सपाट गळ निवडावा. टोक तिरकं असेल तर ते आतच रुतण्याची शक्यता वाढते.

• मासा लागला की झटका द्यायचा नाही. अनेकांची चूक इथेच होते. नेहमीच्या गळाला झटका द्यायची हाताला सवय असते, पण इथे झटक्याने गळ न अडकताच तोंडाबाहेर येतो. दोरीतला ढिलेपणा काढून रीळ सावकाश, एकसारखं गुंडाळत राहायचं.

• फार वाट बघायची नाही. पोटात गेलेला सर्कल हुकही तिथे अडकू शकतो.

• मासा ओल्या हातांनी धरावा आणि शक्य तितक्या लवकर पाण्यात सोडावा. गळ खोलवर गेला असेल तर ओढाताण करण्यापेक्षा दोरी गळाजवळ कापणं बरं.

मग हा गळ रामबाण आहे का?

नाही. सागरी माशांच्या बाबतीत त्याचा फायदा ठळकपणे दिसला आहे. म्हणूनच अमेरिकेत अटलांटिक किनाऱ्यावर मार्लिनसारख्या माशांच्या स्पर्धांमध्ये नैसर्गिक आमिष लावायचं असेल तर २००८ पासून सर्कल हुक सक्तीचा आहे. लार्जमाउथ बासवर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र दोन प्रकारच्या गळांमुळे होणाऱ्या इजेत फारसा फरक आढळला नाही. उलट सर्कल हुकने मासे हाती लागण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे गळ बदलला की काम झालं असं नाही. दोरीवर लक्ष ठेवणं आणि वेळेत ताण देणं हे माणसालाच करावं लागतं.

जिवंत आमिषाचा आणखी एक धोका आहे. उरलेले मासे तलावात ओतले तर परक्या प्रजाती आणि रोग पसरू शकतात. म्हणून अमेरिकेत अनेक राज्यांनी जिवंत आमिषावर नियम घातले आहेत.

बास स्वतःही अनेक देशांत परकाच आहे. जगातल्या १०० सर्वाधिक उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. जपानमध्ये तो १९२५ मध्ये आणला गेला आणि पुढे स्थानिक माशांच्या मुळावर उठला. आज बिवा सरोवरात पकडलेला बास परत पाण्यात सोडायलाच बंदी आहे. तोच मासा अमेरिकेतल्या तलावात मात्र जिवंत परत जावा अशी अपेक्षा असते. त्यामुळे कोणता गळ आणि कोणतं आमिष वापरायचं हे ठरवण्याआधी त्या पाण्याचे नियम पाहणं गरजेचं आहे.