हिरवळीच्या मुळाशी

हिरवळ मरते ती पुष्कळदा खालून. पाती पिवळी पडली की पाणी कमी पडले, ऊन लागले, अशी कारणे आधी सुचतात. परंतु गवताचा पट्टा उचलताच सतरंजीसारखा गुंडाळला जाऊ लागला, तर त्याला मातीशी बांधून ठेवणारी मुळेच कोणी तरी खाल्ली आहेत असे समजावे. विसाव्या शतकातील अमेरिकेत हे काम मोठ्या प्रमाणावर केले ते जपानी भुंगेऱ्याच्या अळीने. आपल्याकडे उसाची मुळे कुरतडणारी हुमणी तिच्याच कुळातली.

हा भुंगेरा अमेरिकेत प्रथम आढळला तो १९१६ मध्ये, न्यू जर्सीतील रिव्हर्टनजवळच्या एका रोपवाटिकेत. जपानात त्याच्यावर नैसर्गिक शत्रूंचा वचक होता. येथे तो नव्हता. शिवाय अंडी घालण्यास त्याला ऐन उन्हाळ्यातही ओलसर राहणारी गवताळ जमीन मानवते, आणि अमेरिकी उपनगरे नेमकी तशीच जमीन घरोघरी निगुतीने राखत होती. हिरवळीचा वैरी हिरवळीच्या हौसेनेच पोसला.

आरंभीच्या उपायांत धीर होता. आशियातून परोपजीवी गांधीलमाश्या आणल्या गेल्या. अळीचे रक्त दुधाळ करून तिला मारणाऱ्या जिवाणूचे बीजाणू १९३९ पासून मातीत मिसळले जाऊ लागले. मात्र अशा उपायांना वर्षे लागतात. महायुद्धानंतर हाती आलेल्या नव्या विषांनी हा धीर संपवला आणि सरकारी कागदांत नियंत्रणाऐवजी निर्मूलनाची भाषा आली. इंग्रजीतील ‘इरॅडिकेशन’ या शब्दाच्या पोटात लॅटिन ‘मूळ’ आहे. आपल्या ‘निर्मूलना’तही तेच. मुळे वाचवण्यासाठी निघालेली मोहीम स्वतःच मुळावर उठली, हे जणू तिच्या नावातच लिहिलेले होते.

१९५४ मध्ये इलिनॉय राज्यातील शेल्डन परिसरात सुमारे १,४०० एकरांवर विमानातून डिल्ड्रिन टाकण्यात आले. विषाने तडफडणाऱ्या अळ्या मातीवर आल्या; पक्ष्यांनी त्या वेचून खाल्ल्या. रॉबिन आणि फेझंट जवळजवळ नाहीसे झाले, जमिनीत बिळे करणाऱ्या खारी संपल्या, शेतवस्त्यांवरील बहुतेक मांजरे मेली. भुंगेरा मात्र पश्चिमेकडे सरकतच राहिला.

शास्त्रीय अहवालांत विखुरलेली ही हकिकत जगाला कळली ती रेचल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) या ग्रंथामुळे. कार्सन यांच्या गद्याचे बळ त्यातील करुणेइतकेच युक्तिवादाच्या बांधणीतही आहे. मृत पक्ष्यांपाशीच त्या थांबत नाहीत. भुंगेऱ्याचा धोका खरोखर केवढा होता, सौम्य उपाय हाताशी असताना ते का डावलले, आणि परिणामांच्या अभ्यासाला पैसा इतका तुटपुंजा का, हे प्रश्न त्या विचारतात. ‘निर्मूलन’ हा शब्द त्यांच्या लेखणीतून उपरोधाने उतरतो.

त्यांनी विश्वास टाकलेला जिवाणू पुढील चाचण्यांत सर्वत्र सारखा प्रभावी ठरला नाही, हेही नोंदवले पाहिजे. पण त्यामुळे त्यांचा आक्षेप ढळत नाही. कारण तो एका औषधाच्या बाजूने नव्हता, परिणाम न तपासता निर्णय घेणाऱ्या अधिकाराविरुद्ध होता. १९७४ मध्ये अमेरिकेत आल्ड्रिन व डिल्ड्रिनच्या बहुतेक वापरांवर बंदी आली. भुंगेरा आजही तेथे आहे. त्याच्या नावाने मारलेली पाखरे काही परत आली नाहीत.